सारवलेला कोपरा

१

रविवारी सकाळी मी मागच्या खोलीचं दार ढकललं आणि उंबऱ्यातच थांबले. कोपऱ्यातली जमीन रात्रीतून कोणीतरी खणली होती.

खणली ती खणली, वर पुन्हा सारवूनही ठेवली होती. पण ते सारवण म्हणजे पैठणीला गोणपाटाचं ठिगळ. ओलं, हिरवट आणि मधोमध खचलेलं. मी त्यात बोट घातलं. आत जुनी माती नव्हतीच, आवारातला लाल मुरूम भरला होता. म्हणजे कोणीतरी या कोपऱ्यातली माती उचलून नेली होती. सोनंनाणं नाही, भांडंकुंडं नाही. माती! आणि दुपारी गिऱ्हाईक घर बघायला यायचं होतं.

माझं नाव निशिगंधा. राहते आटगावला. विकायला काढलेली घरं कमी खर्चात देखणी करून द्यायची, हा माझा धंदा. मालकाला खिशात हात घालायचा नसतो आणि गिऱ्हाइकाला घर फोटोतल्यासारखं हवं असतं. मधल्यामध्ये मी कोंड्याचा मांडा करते. चुन्यात चिमूटभर नीळ टाकली की भिंत उजळते. पांढऱ्या ट्यूब काढून पिवळे बल्ब लावले की तीच खोली उबदार वाटते. जुन्या सुती साड्यांचे पडदे, दारांना जवसाचं तेल, पत्र्याच्या डब्यांना गेरू फासून त्यात सदाफुली, झालं. पण सगळ्यात मोठी युक्ती फुकटची आहे. घरातून माणसं काढायची. औषधाच्या बाटल्या, शाळेतली बक्षिसं, लग्नाचे फोटो, सगळं पेटीत. गिऱ्हाइकाला त्या घरात स्वतःचा संसार दिसायला हवा. तिथं आधीच कोणी नांदत असेल तर ते उंबऱ्यातच अडखळतं.

हे घर होतं मुरबाड तालुक्यात, टोकावड्याच्या अलीकडे. जयरामकाका आणि अंबूकाकींचं. त्यांचा मुलगा प्रणित काही वर्षांपूर्वी कसाऱ्याच्या घाटात मोटारसायकलच्या अपघातात गेला. मुलगी काजल कल्याणला असते. दोघं थकली, म्हणून ती त्यांना आपल्याकडे नेणार होती. मग घर कोणासाठी ठेवायचं?

प्रणितचा हार घातलेला फोटो ओटीवर होता. तोही उतरवायला हवा, हे सांगताना माझीच जीभ अडखळली. अंबूकाकी उठून आत निघून गेल्या. जयरामकाकांनी मात्र स्टुलावर चढून फोटो काढला, हार सोडवला, काच धोतराच्या टोकानं पुसली आणि माझ्या हातात दिला.

"ठेवा पेटीत," ते म्हणाले. "मेलेल्याची काय वाट बघायची."

काय दगडाचं काळीज आहे या माणसाचं, असं मला तेव्हा वाटलं होतं.

मागची खोली हा माझा हुकमाचा एक्का. सगळ्या घराला लादी बसली, फक्त हीच मातीची राहिली होती. शहरातल्या लोकांना तिचं भारी अप्रूप. म्हणून शेजारच्या ठाकूरवाडीतल्या ठमीला बोलावून मी शनिवारी ती सारवून घेतली होती आणि दार ओढून घेऊन सगळ्यांना बजावलं होतं, उद्या दुपारपर्यंत आत कोणी पाऊल टाकायचं नाही.

माझ्यामागून काजलचा नवरा दिपेश आत डोकावला. कोपरा बघून त्याचा चेहरा पडला.

"गुप्तधन!" तो म्हणाला. "नाहीतर करणी. काल इथे एकटी कोण होती? ती ठमी ना? बोलवा तिला."

२

ठमीला बोलवायची गरजच पडली नाही. झाडलोट करायला ती येतच होती. दिपेशनं तिला उंबऱ्याबाहेरच अडवलं.

"काय पुरलंस इथे? की काय काढलंस?"

ठमी माझ्याकडे बघत राहिली. "मी नाय काय केलं, ताय. सारवलं नि गेली. तूच दार ओढलंस ना?"

"दुपारपर्यंत खरं सांग," दिपेश म्हणाला. "नाहीतर पोलीस पाटलाला बोलावतो आणि वाडीत तुझ्या घराची झडती घेतो. गावाला कळू दे सगळं."

ठमी मटकन चिंचेखाली बसली. तिला चोरीपेक्षा दुसऱ्याच शब्दाची भीती होती, आणि मला ती कळत होती. चोरीचा आळ एकवेळ पुसला जातो. पण बाई करणी करते असं एकदा गावानं म्हटलं की तिला कोणी सारवायला बोलावत नाही, लावणीला बोलावत नाही, तान्ह्या पोराजवळ उभं राहू देत नाही. ठमीची सून पोटुशी होती. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायची ती तऱ्हा माझ्या डोळ्यांसमोर चालली होती.

विचारायला मोठं माणूस हाताशी नव्हतं. जयरामकाका पहिल्या एसटीनं मुरबाडला गेले होते, पाहुण्यांसाठी पेढे आणायला. अंबूकाकी चुलीपाशी बसून होत्या आणि बाहेर येत नव्हत्या.

मी ठमीशेजारी टेकले. "गो ठमी, काल कालवलेलं शेण उरलं होतं ना?"

"उरलेलं. न्हाणीमागं बादलीत झाकून ठेवलंय. आज पायऱ्या करायच्या म्हणून."

मी न्हाणीमागे गेले. बादली जशीच्या तशी भरलेली होती, वर पळसाची पानं. आतलं शेण काळसर. ते काळसर असणारच, कारण रंग एकसारखा यावा म्हणून मी त्यात कोळशाची पूड घालायला लावते. हे मला माहीत आणि ठमीला माहीत.

कोपऱ्यातलं ठिगळ हिरवट होतं. त्यात पूड नव्हतीच. ठमीनं लपवाछपवी केली असती तर हातापाशी तयार असलेलं काळं शेण सोडून ती हिरवं कशाला शोधायला जाईल? उलट काळं वापरलं असतं तर मलाही पत्ता लागला नसता.

मी हे दिपेशला सांगितलं. त्यानं खांदे उडवले. "मुद्दाम केलं असेल. ही लोकं हुशार असतात."

माझ्या तोंडात एक अस्सल शिवी आली होती, ती मी गिळली. घर त्याच्या सासऱ्याचं होतं आणि माझं काम अजून संपलं नव्हतं. पण एक गोष्ट पक्की झाली. ठमी नसेल, तर हे काम काल रात्री घरात झोपलेल्या चौघांपैकीच, काका-काकी, काजल नि दिपेश यांतल्याच कोणाचं तरी होतं.

३

पहिला संशय मी दिपेशवरच घेतला. त्यात माझा रागही होता, हे कबूल करते.

काजल माजघरात कपड्यांच्या घड्या करत होती. डोळे सुजलेले. "गुप्तधनाचं खरंय का गो?" मी विचारलं.

"लहानपणी ऐकलेलं. आज्यानं चांदीचे रुपये पुरलेत म्हणे घरात कुठंतरी. प्रणित नि मी खेळात सगळीकडं उकरायचो. बाबांचा मार खायचो." ती हसायला गेली आणि ते हसू मध्येच फाटलं. "दिपेशला मीच सांगितलेलं. पण त्यानं नाय केलं ताई. तो रात्री उठलाच नाय."

बायको नवऱ्याची साक्ष देणारच. ती मी धरली नाही. पण परत जाऊन मी तो कोपरा नीट पाहिला. ठिगळ परातीएवढं. बाकी सगळी जमीन शाबूत, कुठे टोकरलंय, ठोकून पाहिलंय, काही नाही. धन शोधणारा माणूस इथे खणतो, तिथे खणतो, अर्धी खोली उकरतो. या माणसानं काहीच शोधलं नव्हतं. नेमकी जागा त्याला आधीच ठाऊक होती. शिवाय दिपेश हा बुटाला चिखल लागला तर साबणाची वडी झिजवणारा माणूस. तो शेणात हात घालेल, हे मला पटेना.

मी काजलला हाताला धरून खोलीत आणलं. "नीट बघ. या कोपऱ्यात काय होतं?"

ती बघत राहिली. मग तिच्या हातातली घडी खाली पडली.

"इथं आईची बाज असायची," ती हळूच म्हणाली. "प्रणितच्या टायमाला गाडी मिळाली नाय, म्हणून घरीच बाळंत झालेली ती. मी दवाखान्यात झाली, तो इथं झाला. या कोपऱ्यात."

"मग इथे काय पुरलं असेल?"

काजलनं उत्तर द्यायच्या आत दारातून आवाज आला.

"त्या ठमीला घरी जाऊ द्या. मीच खणलंय ते."

अंबूकाकी उंबऱ्यात उभ्या होत्या. पदराला राख लागलेली आणि डोळे कोरडेठाक.

४

काकी त्या कोपऱ्यापाशी येऊन बसल्या. दिपेश काहीतरी बोलायला गेला, त्याला मी बोटानंच गप्प केलं.

"प्रणितची वार होती तिथं," काकी म्हणाल्या. "बाळामागून पडते ना, ती. दवाखान्यात काय करतात देव जाणे. घरी झालेल्या पोराची वार घरातच पुरतात. मला न्यायची होती, मी नेली. संपला विषय."

काजल तोंडावर हात ठेवून रडायला लागली. मलाही भरून आलं. आई ती, तिचं लेकरू गेलं, घर चाललं, तिनं माती नेली. याहून सरळ काय असणार? पण दिसतं तसं नसतं, म्हणून तर माझ्यासारखीचं पोट भरतं. मी त्या ठिगळाकडे पुन्हा पाहिलं आणि मनात खुटखुट सुरू झाली.

"काकी, माती कुठे आहे मग?"

"नदीत सोडली."

"कधी? पहाटेपासून तुम्ही चुलीपाशी आहात."

काकींनी पदराची राख झटकली.

"बरं, सारवलंत कसं? जरा दाखवा." मी ठमीची बादली आणि सारवायचा बोळा मागवून त्यांच्यापुढे ठेवला.

काकींनी बोळा उचलला आणि विचार न करता हात फिरवला. लांब, गोल, स्वतःकडे ओढत आणलेला. जन्मभर तोच हात फिरलेला. एक कमान उमटली, तिच्याशेजारी दुसरी. कडेला काचेच्या बांगड्यांचे बारीक ओरखडे. ठमीच्या सारवणातही तशाच कमानी होत्या आणि तसेच ओरखडे.

ठिगळात मात्र एकही कमान नव्हती आणि बांगडीचा एकही ओरखडा नव्हता. तिथं तळहाताच्या टाचेनं शेण पुढे रेटलेलं होतं. रेटायचं, थापटायचं, पुन्हा रेटायचं. अशी मेहनत मी दर आवणीला, भात लावताना, शेतात बघते. भातखाचरातलं पाणी फुटू नये म्हणून बांध असाच लिंपतात. आणि आमच्याकडे बांध बाप्ये लिंपतात, जमीन बाया सारवतात. सारवायला कधी न बसलेला, पण जन्मभर बांध लिंपलेला तो हात होता.

"काकी," मी म्हटलं, "हा तुमचा हात नाही."

काकींचा बोळा हातातच राहिला. "मला नव्हतं माहीत गो," त्या पुटपुटल्या. "सकाळी बघितलं तवा ह्यांचा हात कळला. मला वाटायचं, हे इसरले पोराला. कधी नाव काढलं नाय, कधी डोळा ओला नाय. म्हणून म्हटलं, त्यांच्यावर कशाला येवं, मी घेते माझ्यावर."

मी ओटीवर आले. पायऱ्यांवर माझे गेरू फासलेले डबे ओळीनं उभे होते. सदाफुल्या टवटवीत होत्या, एक सोडून. शेवटच्या डब्यातली मान टाकून बसली होती. सकाळी स्कूटी लावतानाच मला ती दिसली होती, पण पाणी कमी पडलं असेल म्हणून मी पुढे गेले होते. आता मी खाली वाकले. त्या डब्याखाली एक चपटा, धुऊन घेतलेला दगड होता. तो मी ठेवलेला नव्हता. आणि मी सगळ्या डब्यांत शेतातली काळी माती घातली होती. या डब्यातली माती भुरकी होती, जुनी, आणि तिच्यात वर्षानुवर्षांच्या सारवणाचे पापुद्रे होते.

मी डब्याला हात लावला नाही. तेवढ्यात नाक्यावर एसटी थांबल्याचा आवाज आला.

५

जयरामकाका पेढ्यांचा बॉक्स छातीशी धरून आवारात आले आणि चिंचेपाशीच थांबले.

"ही का अशी बसलीय?"

मला त्यांना बाजूला घेऊन विचारायचं होतं. पण दिपेशला कुठला धीर! त्यानं खणलेला कोपरा, करणी, पोलीस पाटील, सगळं एका दमात सांगून टाकलं.

काकांनी बॉक्स पायरीवर ठेवला. ठमीकडे पाहिलं, मग दारात आलेल्या काकींकडे. त्यांना गप्प राहता आलं असतं. आजवर ते गप्पच तर राहिले होते.

"तिनं काय नाय केलं," ते म्हणाले. "मी खणलं. प्रणितची वार होती, ती काढली."

हे नाव त्या घरात त्यांच्या तोंडून किती वर्षांनी निघालं, ते काकींच्या चेहऱ्यावरून कळलं. त्या दाराच्या चौकटीला धरून उभ्या राहिल्या.

काका शेवटच्या डब्यापाशी खाली बसले. "सुईण म्हणालेली, खड्डा बापानं घेवा. म्हणून मीच घेतला. कुत्र्यानं उकरू नये म्हणून वर दगड ठेवला. मला जागा बरोब्बर ठावकी. आता त्यात काय असणार? माती झाली. पण माती तीच ना."

"मला सांगायचं तरी," काकी म्हणाल्या.

"तू रडली असतीस."

"मग रडली असती! तुमी एकटं काय म्हणून..."

काकांनी त्यांना बोलू दिलं नाही. ते माझ्याकडे वळले, जणू परक्या माणसाला सांगणं सोपं होतं.

"सुईण आणखी एक म्हणालेली. वार जिथं पुरली तिथं पोर फिरून येतं, कुठंबी गेलं तरी. तो घाटात गेला ना ताई, तो घरीच येत होता. मला वाटतं येत असंल अजून. रात्री कडी वाजली की मी उठून बघतो. आमी कल्याणला गेलो नि तो आला, तर? दारात परकी माणसं दिसतील. आमी कुठं गेलो, ते त्याला कोण सांगणार? म्हणून घेतली बरोबर. मंजे तो बरोबर तिथं येईल. डब्यात घातली. कुणी बघितलं तर झाड नेतोय म्हणतील, वेडा म्हणणार नाय."

मी आजवर बरीच घरं रिकामी केली आहेत. त्या दिवशी मी खाली मान घालून रडले. काजल बापाच्या गुडघ्यावर डोकं ठेवून हमसत होती. "बाबा, माझी नाय हो पुरलेली कुठं," असं ती म्हणाली, आणि काकांनी तिच्या केसांवरून तोच शेणाचा वास येणारा हात फिरवला.

दिपेशनं ठमीची माफी मागितली, तोंडातल्या तोंडात. मी म्हटलं, "मोठ्यानं. आळ घेताना आवाज बरा निघत होता." त्यानं मोठ्यानं मागितली. ठमी उठली. डोळे पुसून ती आत गेली आणि काकांच्या ठिगळावरून तिनं काळ्या शेणाचा हात फिरवला. थोड्या वेळानं अंबूकाकीही तिच्याशेजारी जाऊन बसल्या. दोघींनी मिळून तो कोपरा पुरा केला.

दुपारी गिऱ्हाईक आलं. ठाण्याचं जोडपं, बोलायला गोड. घर बघताना मालकांनी समोर बसायचं नाही, हा माझा नियम. पण काकी ओटीवर तो डबा मांडीवर घेऊन बसल्या होत्या, आणि त्यांना उठा म्हणायची माझी छाती झाली नाही. त्या बाईंना भिंती आवडल्या, पडदे आवडले, पिवळे दिवे तर फारच आवडले. मागच्या खोलीच्या उंबऱ्यात त्यांनी चपला काढल्या आणि आत जाऊन चहूकडे पाहिलं.

"किती शांत वाटतं इथे," त्या म्हणाल्या. "घर आम्हाला पसंत आहे. फक्त ही मातीची जमीन रोज कोण सारवणार? इथे लादी बसवता येईल ना?"

असल्या प्रश्नांना माझ्याकडे उत्तरं तयार असतात. मातीचा गारवा, आरोग्य, जुनी शान, काय वाटेल ते. त्या वेळी मात्र मी मागे वळून पाहिलं.

जयरामकाका माझ्यामागे उभे होते. त्यांनी कोपऱ्याकडे एकदा पाहिलं.

"बसवा की," ते म्हणाले. "आता काय अडचण नाय."